बर (धारेवरची)

सुरी, विळी किंवा कोयता घासताना धारेच्या अगदी टोकाशी, घासलेल्या अंगाच्या पलीकडे वळून राहणारी धातूची केसाहून बारीक कोर. शब्द कारखान्यातला आणि आयटीआयमधला. स्वयंपाकघरात तिला नाव नाही, ‘खरखरते आहे’ एवढेच म्हणतात.

निसण्यावर पाते एका अंगाने झिजत गेले की टोकाचे पोलाद इतके पातळ होते, की ते आणखी झिजण्याऐवजी दाबाखाली पलीकडे लवते. बर आली म्हणजे घासणे टोकापर्यंत पोचले. पण ती धार नव्हे. बरीसकट सुरी कागद सरसर कापते, चार टोमॅटो चिरले की कोर दुमडते आणि धारवाल्याला नावे ठेवली जातात. मऊ पोलादाच्या स्वस्त सुऱ्यांवर ती फार चिवट असते.

पाहायची तर अंगठा पाठीकडून धारेकडे, पात्याला आडवा, अलगद सरकवावा; धारेच्या लांबीवरून कधीच फिरवू नये. ज्या अंगाला नखाला काही अडते, तिथे बर. जोर लावून ती जात नाही, या अंगाची त्या अंगाला होते एवढेच. बारीक, ओल्या दगडावर कोन किंचित वाढवून, धार पुढे ठेवून, जवळजवळ पात्याच्या वजनानेच एकेक फेरा बाजू बदलत द्यावा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढावे. जुन्या जीन्सचा तुकडाही चालतो.

बुंदेलखंडात, झाशीकडे, धार लावण्याला हिंदीत ‘सान धरना’ म्हणतात. ही सान आणि मराठी साण, दोन्ही संस्कृत ‘शाण’मधून आल्या. शस्त्रांना धार आणि जिल्हई देणारा कारागीर हिंदीत सिकलीगर, मराठीत शिकलगार. मूळ अरबी ‘सैकल’, म्हणजे जिल्हई. आपल्याकडे शिकलगार हे आडनावही आहे. जुनी साण कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेली असे. बुंदेलखंडाच्या शेजारी, रेवा संस्थानात पिपरा येथे कुरुंदाची खाण होती.

फिरत्या चाकावर बर हातदगडापेक्षा मोठी उठते. तिथून आणलेल्या सुरीला घरच्या निसण्यावर हलके फेरे द्यावेत आणि पाते ओल्या फडक्याने पाठीकडून धारेकडे पुसूनच भाजी चिरायला घ्यावी.