चाळीस टक्के की चौदा?

"व्हेरिकोज व्हेन्स किती जणांना असतात?" माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी याचं उत्तर एका आकड्यात लिहून मोकळा झालो होतो. गाईडनी लाल पेनने शेजारी लिहिलं, "कुणात मोजलं?" तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा छोटा इतिहास.

आधीच्या बहुतेक अभ्यासांत बायकांचं प्रमाण जास्त यायचं. पण माणसं कुठून घेतलेली? बाझलचा गाजलेला अभ्यास रसायन कंपन्यांतल्या कामगारांवरचा होता. १९९०च्या दशकात एडिंबरामध्ये १२ जनरल प्रॅक्टिसच्या याद्यांमधून १८ ते ६४ वयाची माणसं यादृच्छिक पद्धतीने निवडली आणि १,५६६ जणांचे पाय तपासले. मुख्य शिरा फुगलेले पुरुष निघाले ४० टक्के, स्त्रिया ३२ टक्के!

मग २०००-०२ मध्ये जर्मनीतल्या बॉनला ३,०७२ जण तपासले. तिथे 'फुगलेल्या शिरा' या गटात फक्त १४ टक्के. म्हणून तिथे रोग कमी होता, असं लगेच म्हणू नका. १९९४च्या सीईएपी वर्गीकरणात सी-० ते सी-६ अशा पायऱ्या आहेत. शिरा फुगल्यात आणि पायाला सूजही आहे, असा माणूस वरच्या पायरीवर, म्हणजे सी-३ मध्ये मोजला गेला. उलट, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिराही धरल्या, तर काहीच लक्षण नसलेला दहांत जेमतेम एक उरतो.

तेव्हा आकडा उतरवण्याआधी विचारा: कुणात मोजलं, आणि कशाला रोग म्हटलं? ही दोन उत्तरं आकड्याच्या शेजारीच लिहा.