संपातली पोरं आता पन्नाशीला आली

दरवर्षी १८ जानेवारी आली की गिरणी संपावर लिहिलं जातं. १९८२ साली त्या दिवशी सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बोनसची मागणी होतीच, पण खरा राग १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर होता. त्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला होता आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. म्हणून ते आमच्या घाटकोपरच्या डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला.

हे आपण वाचलेलं आहे. त्या वेळी घरात जी लहान पोरं होती, त्यांचं काय झालं हे कमी लिहिलं गेलं. मी त्यातलाच एक.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संप लांबला तशी चाळ रिकामी होत गेली. कोकणातले कोकणात गेले, घाटावरचे घाटावर. मला पाच वर्षांचा असताना परळ डेपोतून काकांबरोबर रत्नागिरीकडच्या गावी आजीकडे पाठवलं. आई म्हणाली, "आठ दिवसांत येते." ती आली दीड वर्षाने. आजीने माया केली, पण दुपारची एसटी यायच्या वेळी मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. आपलं काहीतरी चुकलं म्हणून आपल्याला पाठवलं, असं मी मनाशी धरलं होतं.

परत आलो तेव्हा लालबागची खोली गेली होती. घाटकोपरला भटवाडीत भाड्याने राहायला लागलो. वडील वॉचमन झाले, बोलेनासे झाले. आज प्यायलेत की नाही, हे आम्ही भावंडं दाराच्या कडीच्या आवाजावरून ओळखायचो.

ग्लेन एल्डर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९७४ चं एक पुस्तक आहे. १९३० च्या महामंदीत वाढलेल्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या १६७ मुलांचा त्यात अभ्यास आहे. घरातला पैसा गेल्याचा परिणाम मुलांवर झाला तो मुख्यतः घरातली नाती बदलल्यामुळे, असं त्यांना दिसलं. बाप चिडका झाला, आईवर भार आला, पोरं लवकर मोठी झाली. पण पुढे ज्यांना शिक्षण, नोकरी किंवा चांगला संसार मिळाला, त्यांच्यातली बरीच सावरली. वाचताना वाटलं, ही तर आमची चाळ.

आता माझं सांगतो. बायको मुलुंडला नोकरी करते. लोकलचा खोळंबा होऊन तिला तासभर उशीर झाला, की मी फोन करत नाही. गप्प होतो. ती आल्यावरही दोन-दोन दिवस गप्पच. पंधरा वर्षं तिने हे सोसलं. गेल्या वर्षी मुलगा तिला हळूच विचारत होता, "बाबा आज बोलणार आहेत ना?" मला ती भटवाडीची कडी आठवली.

समुपदेशकाकडे गेलो. त्या बाईंनी साधं विचारलं, "आईला कधी विचारलंत?" कधीच नव्हतं विचारलं. मग एका रविवारी विचारलं. आई म्हणाली, "दोनदा डेपोपर्यंत आले होते रे. तिकिटाला पैसे पुरेनात, म्हणून माघारी फिरले." चाळीस वर्षं मी जी गोष्ट स्वतःला सांगत होतो, ती चुकीची होती. चूक माझी नव्हती, तिचीही नव्हती.

त्याने सगळं बरं झालं असं नाही. पण आता उशीर झाला की फोन लावतो आणि सरळ सांगतो, "मला भीती वाटतेय."

वडील २०११ ला गेले. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

डॉ. सामंतांची १६ जानेवारी १९९७ ला पवईत हत्या झाली. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. कामगारांच्या घरांचा हिशेब अजून चालू आहे. तो मागत राहूच. पण संपाने घराघरात काय केलं, त्याचाही हिशेब मांडायला हवा. त्या पिढीतले आई-वडील आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ते आहेत तोवर विचारून घ्या. आणि एकट्याने झेपत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन करण्यात कमीपणा काही नाही.