गुलमंडीचें गोलचित्र व त्याची साधनचिकित्सा

नगराचा इतिहास लिहितांना फर्मानें, सनदा, महजर व थोडेबहुत नकाशे हींच आमचीं साधनें असतात. आतां त्यांत आणखी एका साधनाची भर पडली आहे. लहानशा ड्रोननें आकाशांत एका जागीं स्थिर राहून चहूं दिशांचीं छायाचित्रें घ्यावीं व संगणकानें तीं सांधून एकच गोलचित्र सिद्ध करावें, हें आज हौशी माणसाच्याही आवांक्यांत आलें आहे. साधन म्हणून या चित्राची योग्यता किती, हें गुलमंडीच्या उदाहरणानें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेल्या खडकीस १६५३ त औरंगाबाद हें नांव मिळालें. १६८२ च्या सुमारास औरंगजेबानें तट बांधविला. आज त्याच शहरास छत्रपती संभाजीनगर म्हणतात. पैठण दरवाज्याकडून येणारी वाट गुलमंडीस मिळून पुढें सिटी चौकाकडे जाते. दुकानांच्या पाट्यांमुळें रस्त्यावरून जुन्या इमारतींचें दर्शनी अंगही नीट दिसत नाहीं. गल्ल्यांचीं वळणें व वाड्यांचे चौक वरूनच उमगतात.

पेशवेकालीन नकाशे हाताळणारांस ठाऊक आहे कीं, त्यांत वाटा व नद्या वरून, तर देवळें व झाडें समोरून पाहिल्यासारखीं काढलेलीं असतात. ते वाचण्याची रीत आधीं शिकावी लागते. येथेंही तसेंच आहे.

गोलचित्र हें वस्तुतः एक चित्र नसून सुमारें २५ ते ३५ पानांची पोथी होय. लगतच्या पानांचा कांहीं भाग परस्परांशीं जुळता ठेवावा लागतो व सर्व पानांस प्रकाशाचें प्रमाण एकच राखावें लागतें. वाऱ्यानें ड्रोन जागचा हलला तर जवळच्या वस्तू सांध्यावर तुटतात. चालता मनुष्य दोन पानांत सांपडला तर दोनदां उमटतो; लेखकाच्या हातून एकच ओळ दोनदां लिहिली जावी तसा हा दोष आहे. शिवाय बहुतेक लहान ड्रोनांचा कॅमेरा थेट माथ्याकडे पाहूं शकत नाहीं. तेथलें आकाश संगणक पदरचें भरतो. पोथीच्या परिभाषेंत हा प्रक्षेपच होय.

दुसरा विचार मापाचा. हें चित्र पसरलें असतां ३६० अंश रुंद व १८० अंश उंच होतें, त्यामुळें सरळ रस्ताही त्यांत वांकडा दिसतो. त्यावरून अंतरें मोजूं नयेत. दिशा मात्र उपयोगी पडतात. उत्तर निश्चित करून, ज्ञात अशा दोन स्थानांवरून दोन चित्रें घेतलीं, तर दोन दिशारेषांच्या छेदानें एखाद्या घुमटाची जागा ठरवितां येते. जमिनीखालून गेलेली नहर-ए-अंबरी आकाशांतून दिसणार नाहीं; तिच्या मार्गावरचे उंच बांधीव स्तंभ मात्र या रीतीनें नोंदतां येतील.

चिकलठाण्याचा विमानतळ शहरास लागूनच असल्यामुळें २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाशाचा विभाग आधीं पाहावा. विभाग पिवळा असल्यास हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीवांचून उड्डाण करूं नये. सूर्योदयानंतर, बाजार उघडण्यापूर्वींचा वेळ उत्तम. गर्दीवर ड्रोन नेऊं नये. लोकांच्या अंगणांत डोकावणें हाही संशोधनाचा धर्म नव्हे.

बावन्न दरवाज्यांची ख्याती असलेल्या या शहरांत आज त्यांपैकीं थोडेच उभे आहेत व जुन्या वाड्यांच्या जागीं नव्या इमारती उठत आहेत. आजचें चित्र उद्यां एखाद्या वाड्याचा एकमेव पुरावा ठरूं शकेल. म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे : सांधलेलें चित्र ही नक्कल होय, सुटीं छायाचित्रें हें अस्सल. तारीख, वेळ, स्थान, उंची व सांधणाऱ्या प्रणालीचें नांव टिपून अस्सल दप्तरीं ठेवावें. तें पुसून केवळ नक्कल राखली, तर प्रक्षेप कोणता व पाठ कोणता, हें पुढच्या अभ्यासकास कोणीही सांगूं शकणार नाहीं.