हालिस्कोचे गाणे आणि त्याचा कर्ता

मेक्सिको म्हटले की मराठी वाचकास प्रथम आठवतात ते डॉ. पांडुरंग खानखोजे. स्वदेशाची दारे बंद झाल्यावर वर्ध्याचा हा क्रांतिकारक तेथे गेला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाला, आणि गोरगरीब शेतकऱ्यांसाठी त्याने मोफत कृषिशाळा चालविल्या. चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना आपल्या भित्तिचित्रातही स्थान दिले. खानखोजे ज्या शेतकऱ्यास मका आणि गहू शिकवीत होते, त्याच शेतकऱ्याच्या नावाने पुढे अवघ्या देशाला वेड लावणारी गाणी रचणारा मुलगा त्या वेळी राजधानीत वाढत होता. त्याचे नाव मानुएल एस्पेरोन.

त्याचा जन्म 3 ऑगस्ट 1911 रोजी मेक्सिको शहरात झाला. पोर्फिरिओ दियास याची दीर्घ हुकूमशाही त्याच वर्षी मे महिन्यात कोसळली होती. त्यानंतरची दहा वर्षे देश यादवीत होरपळला. जमीन कोणाची, हा त्या यादवीतला मुख्य प्रश्न होता. एस्पेरोनचे बालपण मात्र शहरातले, आणि त्याचे वाद्य पियानो. घोडा, कुरण, मळा यांचा त्याच्या शिक्षणाशी काहीही संबंध नव्हता, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

1934 मध्ये ‘ला मुहेर देल पुएर्तो’ या बोलपटात त्याचे एक गाणे आले. वातावरण बंदराचे, गाणे एका पतितेचे. खेड्याचा त्यात मागमूसही नाही. परंतु दोनच वर्षांनी वारे फिरले. 1936 साली फेर्नांदो दे फुएन्तेस याच्या ‘आया एन एल रांचो ग्रांदे’ने जमीनदाराचा वाडा, प्रामाणिक कारभारी आणि गाणारे घोडेस्वार पडद्यावर आणले, आणि प्रेक्षकांची रीघ लागली. (आपल्या ‘संत तुकारामा’चेही हेच वर्ष. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ‘तुकारामा’ची दखल घेतली गेली, तर पुढच्याच वर्षी तेथे या मेक्सिकन चित्राच्या छायालेखनाचा गौरव झाला.) वस्तुतः नेमक्या त्याच काळात अध्यक्ष कार्देनास जमीनदाऱ्या मोडून सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांस वाटीत होता. बाहेर वाडे मोडत होते आणि पडद्यावर नांदत होते! यास कोणी ढोंग म्हणेल. मला तसे वाटत नाही. गाव सोडून राजधानीत आलेल्या हजारो माणसांना गाव हवे होते. मात्र त्यातली उपासमार आणि सावकार त्यांना पुन्हा नको होते. बदलीच्या गावी राहून वर्षातून एकदा रजेवर घरी जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

ही भूक एस्पेरोनने ओळखली. त्याला जोडीदार मिळाला तो ताम्पिकोचा गीतकार एर्नेस्तो कोर्तासार. 1941 च्या ‘आय, हालिस्को, नो ते राहेस!’ या चित्राचे शीर्षकगीत या दोघांचे. ‘हालिस्को, माघार घेऊ नकोस’ असा त्या शीर्षकाचा अर्थ. गाण्यास निवडलेला नायक होर्खे नेग्रेते हा गुआनाहुआतोचा. तो लष्करात अधिकारी होता आणि त्याचा गळा ऑपेराच्या तालमीत घडलेला होता. असली रानवट गाणी गाण्यास तो नाखूष होता, असे सांगतात. अशा रीतीने राजधानीतला संगीतकार, ताम्पिकोचा कवी आणि गुआनाहुआतोचा गायक या तिघांनी मिळून हालिस्को प्रांताला जवळजवळ त्याचे राष्ट्रगीत दिले.

त्याची कारागिरी कशात होती, हे थोडे पाहण्याजोगे आहे. हालिस्कोच्या खेड्यांतले जुने मारियाची म्हणजे व्हायोलिन, विउएला, गितारोन, क्वचित हार्प असा तंतुवाद्यांचा ताफा. रेडिओ आणि बोलपट आल्यावर त्यात ट्रंपेट कायमचे स्थिरावले. एस्पेरोनने या ताफ्यामागे वाद्यवृंद उभा केला, आणि नेग्रेतेच्या भारदस्त आवाजास दम घेण्यास व चढण्यास पुरेशी जागा ठेवली. चाल अशी की एकदा ऐकून गुणगुणता यावी. ती सोपी वाटते, हीच तिची मेहनत.

पुढे महायुद्ध आले. मेक्सिको दोस्तांच्या बाजूस गेला, कच्ची फिल्म अमेरिकेकडून मिळत राहिली, आणि तेथील चित्रपटांनी स्पॅनिश भाषेचा सारा मुलूख व्यापला. डिस्नेने हीच चाल उचलून, इंग्रजी शब्द घालून, ‘थ्री कॅबायेरोज’मध्ये बदक, पोपट आणि कोंबडा यांच्या तोंडी दिली. 1944 च्या डिसेंबरात तो चित्रपट मेक्सिको शहरातच प्रथम दाखविला गेला.

एस्पेरोन केवळ घोडेस्वारांत अडकून पडला नाही, ही त्याची मोठीच गोष्ट. 1948 च्या ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’मध्ये पेद्रो इन्फांते हा चाळवजा वस्तीतला सुतार आहे. त्याच्यासाठी केलेले ‘आमोर्सितो कोरासोन’ (शब्द पेद्रो दे उर्दिमालास यांचे) हे हळुवार बोलेरो. नायक-नायिका त्याची चाल एकमेकांस शिटी वाजवून ऐकवतात. गावाकडची माणसे आता शहरात राहू लागली होती, आणि गाणेही त्यांच्यामागून शहरात आले. माझ्या मते त्याचे सर्वोत्तम काम हे, ‘हालिस्को’ नव्हे. पण बहुमत माझ्या विरुद्ध आहे.

नेग्रेते आणि इन्फांते यांनी एकत्र काम केलेला एकमेव चित्रपट ‘दोस तिपोस दे कुइदादो’. त्याचेही संगीत एस्पेरोनचेच. तो 1953 मध्ये लोकांसमोर आला, आणि त्याच वर्षी कोर्तासार मोटार-अपघातात व नेग्रेते आजाराने गेला. 1957 मध्ये इन्फांते विमान-अपघातात ठार झाला, तेव्हा अंत्ययात्रेला राजधानीचे रस्ते अपुरे पडले. संगीतकार मागे उरला आणि काम करीत राहिला. त्याने संगीत दिलेल्या चित्रपटांची संख्या पाचशेच्या आसपास सांगितली जाते.

आमच्या कचेरीत टिपण एकाने तयार करावयाचे आणि खाली सही दुसऱ्याची, ही रीत आहे, आणि तीत कोणास अन्याय वाटत नाही. पण पाचशे टिपणे लिहून सही कुठेच नसावी, हे जरा जास्तच झाले.

13 फेब्रुवारी 2011 रोजी, शंभरीस काही महिने उरले असताना, एस्पेरोन वारला. त्याच्या गावातल्या गॅरिबाल्डी चौकात मारियाची आजही गिऱ्हाइकांची वाट पाहत उभे असतात. पैसे मोजून ‘हालिस्को’ गावयास सांगणारा माणूस ते नेग्रेतेचे गाणे म्हणून सांगतो, नाहीतर हालिस्कोचे जुने लोकगीत म्हणून.