विश्लेषण : रेणू थोडा बदलला की नशा कायदेशीर? ‘डिझायनर ड्रग्ज’च्या अख्ख्या गटावर बंदी कशी घातली जाते?

फेब्रुवारी २०१५ पूर्वी मुंबईत कुणाकडे मेफेड्रोन, म्हणजेच ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ची पुडी सापडली, तरी पोलिसांना अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा नोंदवता येत नव्हता. कारण साधं होतं. कायद्याच्या यादीत मेफेड्रोनचं नावच नव्हतं. केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते नाव यादीत घातलं आणि चित्र बदललं. आज ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त एमडी सापडलं आणि गुन्हा सिद्ध झाला, तर किमान १० वर्षांची सक्तमजुरी होते.

पण उद्या एखाद्याने एमडीचा रेणू थोडासा बदलून नवा पदार्थ बाजारात आणला तर?

डिझायनर ड्रग्ज म्हणजे काय?

बंदी असलेल्या पदार्थासारखीच नशा देणारा, पण रासायनिक रचनेत किंचित वेगळा असलेला पदार्थ म्हणजे डिझायनर ड्रग. रचना वेगळी म्हणून नाव वेगळं, आणि नाव वेगळं म्हणून तो यादीबाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडे आतापर्यंत अशा १,२०० हून अधिक नव्या पदार्थांची नोंद झाली आहे. एकेका पदार्थाची तपासणी करून त्याला यादीत टाकेपर्यंत पुढचा पदार्थ तयार असतो.

अख्ख्या गटावर बंदी कशी घालतात?

यावर ब्रिटनने वापरलेला उपाय म्हणजे गटबंदी. यात कायदा पदार्थाचं नाव सांगत नाही, रेणूचा मूळ सांगाडा सांगतो. या सांगाड्याला अमुक ठिकाणी अमुक प्रकारचे अणुगट जोडून तयार होणारा कोणताही पदार्थ बेकायदा, अशी ती व्याख्या असते. त्यामुळे अजून कुणी बनवलाही नाही असा पदार्थही आधीच बंदीखाली येतो.

एप्रिल २०१० मध्ये ब्रिटनने मेफेड्रोनसह कॅथिनोन गटातल्या पदार्थांवर अशीच बंदी घातली. मात्र नॅफायरोन नावाचा पदार्थ त्या व्याख्येतून निसटला. त्याच्या रेणूतला एक भाग व्याख्येत लिहिलेल्या भागापेक्षा वेगळा होता. शेवटी जुलै २०१० मध्ये त्याच्यावर वेगळी बंदी आणावी लागली. म्हणजे गटाची व्याख्या मोठं जाळं असतं, पण जाळ्याला भोकं असतातच.

अमेरिका आणि चीनने काय केलं?

अमेरिकेने १९८६ मध्ये वेगळा रस्ता निवडला. तिथे बंदी असलेल्या पदार्थाशी रचनेत आणि परिणामात ‘बरंचसं साम्य’ असलेला पदार्थ माणसाच्या सेवनासाठी असेल, तर तो बंदी असलेल्या पदार्थासारखाच मानला जातो. म्हणूनच अशा पाकिटांवर ‘मानवी सेवनासाठी नाही’ असं छापलं जायचं. पण ‘बरंचसं’ म्हणजे किती? यावर न्यायालयात तज्ज्ञांमध्येच वाद होतात. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट स्पष्ट केली. आरोपीला पदार्थ बेकायदा असल्याचं किंवा ज्या गुणधर्मांमुळे तो बेकायदा ठरतो ते माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागतं.

चीनने १ मे २०१९ पासून फेंटानिलसारख्या सर्व पदार्थांना गट म्हणून नियंत्रणाखाली आणलं. पुढे नायटाझिन या वेगळ्याच रचनेच्या ओपिऑइड्सची चिंता वाढली. २०२५ मध्ये चीनने त्यांच्यावरही गटबंदी लागू केली.

मग सगळ्याच नशेवर बंदी का नको?

ब्रिटनने २०१६ मध्ये तेही करून पाहिलं. मेंदूवर परिणाम करणारा कोणताही पदार्थ बनवणं किंवा विकणं गुन्हा ठरला. पण मग चहा-कॉफी, दारू, तंबाखू आणि औषधं यांना सूट द्यावी लागली. शिवाय तुरुंगासारख्या ठिकाणांचा अपवाद सोडला, तर असा पदार्थ फक्त स्वतःजवळ बाळगणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही.

व्याख्या जितकी रुंद, तितका निरुपद्रवी पदार्थही तिच्यात अडकण्याचा धोका वाढतो. त्याच सांगाड्यावर नवं औषध शोधणाऱ्या संशोधकाला परवान्यांच्या फेऱ्यात पडावं लागतं. आणि रसायनशास्त्राच्या भाषेत लिहिलेला गुन्हा सामान्य माणसाला कळणार कसा, हा प्रश्न उरतोच.

भारतात काय स्थिती आहे?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्याची परिशिष्टातली यादी आजही मुख्यतः एकेका पदार्थाच्या नावावर चालते. कलम ३ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून नवं नाव जोडू शकतं. त्यासाठी दर वेळी संसदेत दुरुस्ती करावी लागत नाही. पण अधिसूचना मागच्या तारखेपासून कुणाला गुन्हेगार ठरवू शकत नाही. कृत्य घडलं तेव्हा ते कायद्याने गुन्हा असलंच पाहिजे, असं संविधानाचं कलम २०(१) सांगतं. त्यामुळे यादीत नाव येण्याआधी जो माल विकला गेला, त्याबद्दल विक्रेत्यावर या कायद्याखाली खटला चालत नाही.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा टाकून शेकडो किलो एमडी जप्त केलं. असा कारखाना चालवणाऱ्याला जवळचा, पण यादीत नसलेला पदार्थ बनवणं अवघड नसतं. गटबंदी त्याची ही पळवाट अरुंद करू शकते. मात्र व्याख्या नेमकी लिहिणारे रसायनतज्ज्ञ आणि नवा पदार्थ लवकर ओळखणाऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा नसतील, तर ती बंदी कागदावरच राहील.