कार्बाइडला भिजवणारा धातू

टंगस्टन कार्बाइड हा अत्यंत कठीण पदार्थ आंरी म्वासां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1890च्या दशकात विद्युत भट्टीत तयार केला. पण वितळवून ओतलेले कार्बाइड ठिसूळ निघे, हत्यारासाठी त्याचा उपयोग होईना. उणीव कठीणपणाची नव्हती. कणांना धरून ठेवणाऱ्या धातूची होती.

हा धातू सापडला दिव्यांच्या उद्योगात. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार हिऱ्याच्या साच्यातून ओढत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला हे हिरे परवडेनात. बर्लिनमध्ये ओस्रामच्या संशोधन विभागात कार्ल श्रोटर यांनी कार्बाइडच्या भुकटीत थोडा कोबाल्ट मिसळला, मिश्रण दाबले आणि भट्टीत तापवले. 1923 साली पेटंटचा अर्ज झाला. पुढे क्रुप कंपनीने हा माल 1927च्या लाइपझिग जत्रेत ‘विडिया’ नावाने मांडला.

कोबाल्टच का, याचे उत्तर स्पर्शकोनात आहे. द्रवाचा थेंब घन पृष्ठावर पसरणार की पारा काचेवर राहतो तसा गोळा होऊन राहणार, हे तीन पृष्ठताणांच्या तोलावर ठरते, असे थॉमस यंग यांनी 1805 सालीच मांडले होते. टंगस्टन कार्बाइडवर वितळलेल्या कोबाल्टचा स्पर्शकोन जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे सुमारे 1400 अंश सेल्सिअसला तो कणांमधल्या फटींत आपोआप शिरतो आणि कणांना जवळ ओढतो. दाबलेला तुकडा आकसून त्याचे आकारमान जवळपास निम्म्यावर येते. शिवाय थोडे कार्बाइड कोबाल्टमध्ये विरघळून मोठ्या कणांवर पुन्हा जमते. बंध पक्का होतो तो या देवाणघेवाणीमुळे. मात्र कार्बनचे प्रमाण अचूक हवे. ते कमी पडले तर ठिसूळ संयुग तयार होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

हलक्या टिटॅनियम कार्बाइडने बराच काळ दाद दिली नाही. निकेल त्याला पूर्ण भिजवत नसे, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत. 1956 साली अमेरिकेत फोर्डच्या ह्युमेनिक आणि पारीख यांनी निकेलमध्ये मॉलिब्डेनम घालण्याचा परिणाम प्रसिद्ध केला: धातू नीट पसरू लागला, कण सुटे राहिले. पोलादाला अखेरचा सफाईदार कट देणाऱ्या हत्यारांना यातूनच वाट मिळाली.

ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइडची जोडी अधिक हट्टी. ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे वितळलेले ॲल्युमिनियम कणांना सहज भिजवत नाही. तापमान वाढवावे, तर आंतरपृष्ठावर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते, पाण्याशी अभिक्रियाही करते. म्हणून मिश्रधातूत पुरेसे सिलिकॉन आधीच घालून ही अभिक्रिया रोखतात.