प्रत कुणी मागायची? विधी साहाय्य आणि कायद्याचे विद्यार्थी

‘प्रो बोनो’ हे शब्द आपल्याकडे सर्रास ‘फुकट’ या अर्थाने वापरले जातात. मूळ लॅटिन ‘प्रो बोनो पब्लिको’ म्हणजे लोकहितासाठी. फी घेतली की नाही, हा पुढचा मुद्दा. कायद्याचे विद्यार्थी स्वेच्छेने जे काम करतात त्याचा इतिहास पाहताना हा फरक उपयोगी पडतो.

१९२४ साली मुंबईत बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ साली मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्यावर समिती नेमली. (पुढे याच क्षेत्रात गाजलेले न्या. पी. एन. भगवती हे त्यांचे चिरंजीव.) पण ही सगळी मंडळी कितीही तळमळीची असली, तरी गरिबाला वकील मिळणं हा तोपर्यंत चांगुलपणाचाच मामला होता. कांट ज्याला अपूर्ण कर्तव्य म्हणतो ते हेच. मदत करावी हे खरं, पण कुणाला, कधी, किती, हे देणाऱ्याने ठरवायचं. घेणाऱ्याला ‘माझं द्या’ असं म्हणता येत नाही.

हे बदललं कसं? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला, हे पुस्तकातलं उत्तर. खरी गोष्ट १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

होस्कोट हे विद्यापीठातले प्रपाठक. बनावट पदव्यांच्या प्रकरणात ते दोषी ठरले. सत्र न्यायालयाने नाममात्र कैद दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात ते पोहोचले चार वर्षांहून अधिक उशिराने, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. उशीर का? तर निकालपत्राची प्रत हाती आली नाही म्हणून. तुरुंगाधिकाऱ्यांचं म्हणणं असं की प्रत दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. दिल्याची सही मात्र कुठे नव्हती!

आता बघा, हा माणूस निरक्षर नव्हता, महाविद्यालयात शिकवणारा होता. त्याचं घोडं अडलं ते एका कागदापाशी. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यांची याचिका फेटाळलीच, पण जाताजाता नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, अपिलासाठी गरज असेल तर वकीलही. आणि हे सरकारचं दान नव्हे, राज्याचं कर्तव्य आहे.

मग इथेच आक्षेप येतो. कर्तव्य राज्याचं, तर विद्यार्थ्यांनी का राबायचं? राज्याला पळवाट नाही का मिळत? आम्हाला हा आक्षेप गंभीर वाटतो. वकिलाच्या जागी विद्यार्थी उभा केला तर तो खराच ठरेल. पण १९६१ चा अधिवक्ता कायदा सनदेशिवाय वकिली करूच देत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं उभी करण्याचं काम राष्ट्रीय प्राधिकरणाकडे दिलं, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात असं केंद्र, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हातून चालणारं, बंधनकारक केलं. म्हणजे स्वेच्छा अभ्यासक्रमात शिरली. असो. विद्यार्थ्याची जागा त्या कागदापाशी आहे. ‘प्रत मिळाली का, कोणत्या तारखेला, सही कुठे आहे’ हे विचारायला सनद लागत नाही.

आजचा तसा कागद म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचं. कमाल सात वर्षं असेल तर दोन वर्षं चार महिने. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची, पण दिवस मोजतंय कोण? शिवाय दुसरा खटला प्रलंबित असेल तर ही सवलत नाही, आणि ‘आणखी कुठे केस आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर कैद्यालाच धड माहीत नसतं. ते कोर्टातून शोधून आणावं लागतं.

इथे स्वेच्छेचा प्रश्न निराळा होतो. केंद्रात नाव घालणं स्वेच्छेचं. पण गजांपलीकडच्या माणसाला ‘बघून सांगतो’ म्हटल्यावर तो वाट पाहू लागतो, आणि त्या क्षणी कांटचं अपूर्ण कर्तव्य पूर्ण होऊन बसतं. आता कुणाला, कधी, हे ठरवायची मुभा संपली. परीक्षा आली, वर्ष सरलं, तरी उत्तर देणं लागतंच. म्हणून एखाद्या केंद्राचे फोटो, शिबिरं, प्रमाणपत्रं यांपेक्षा आम्ही आधी त्यांची नोंदवही मागू. कुणाला काय सांगितलं, कोणत्या तारखेला परत जायचं होतं, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी ते काम नव्या मुलांपैकी कुणाच्या हाती दिलं, एवढं तिच्यात लिहिलेलं असावं.